टिकाऊ नको, विरघळणारं हवं

मुलीचं लग्न डिसेंबरात, म्हणून माझ्या एका मैत्रिणीने नाकापासून ओठांच्या कोपऱ्यांकडे उतरणाऱ्या दोन घड्या भरून घ्यायचं ठरवलं. फोनवर तिचे प्रश्न दोनच होते: खर्च किती, आणि टिकेल किती? दुसऱ्या प्रश्नाला मला हसू आलं. मिक्सर घेताना आपण हेच विचारतो, पैठणी घेताना हेच, घराला रंग देतानाही हेच. टिकाऊ ते चांगलं, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. फिलरचा हिशेब मात्र उलटा असतो.

आधी एक घोळ निस्तरू. बोटॉक्स आणि फिलर एक नव्हेत. बोटॉक्स स्नायूंना सैल करतं, त्यामुळे कपाळावरच्या आठ्या पडायच्या थांबतात. फिलर म्हणजे सरळसरळ भरणी. आज बहुतेक क्लिनिकांत त्यासाठी हायलुरॉनिक ॲसिडचं जेल वापरतात. हे द्रव्य आपल्या त्वचेत मुळातच असतं. कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी ते १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळं काढलं. पण शरीर ते एक-दोन दिवसांत मोडून टाकतं, म्हणून कारखान्यात त्याच्या साखळ्या रसायनाने एकमेकींत अडकवतात. मग जेल सहा महिने ते वर्षभर राहतं, असं सांगितलं जातं.

तेही पूर्ण खरं नाही. किमान २ वर्षं इंजेक्शन न घेतलेल्या ३३ जणांच्या चेहऱ्यांचे एमआरआय तपासले, तेव्हा सगळ्यांच्याच गालांत फिलर सापडलं. आरशात परिणाम ओसरलेला दिसतो आणि आत माल शिल्लक असतो. वर्ष झालं की पुन्हा भरायला जाणाऱ्यांचे गाल काही वर्षांनी उशीसारखे का दिसू लागतात, याचं एक कारण इथे सापडतं.

कायमस्वरूपी भरणीचा मोह जुना आहे. १८९९ मध्ये व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या सर्जनने खनिज तेलापासून बनलेलं व्हॅसलीन शरीरात टोचलं, आणि लवकरच पॅराफिनचं मेण सुरकुत्यांत आणि नाकांत भरण्याची लाट आली. सौंदर्यासाठी युरोपभर गाजलेल्या, पुढे मार्लबरोची डचेस झालेल्या ग्लॅडिस डीकनने नाकाचा बांक सरळ करायला ते टोचून घेतलं. मेण हनुवटीकडे ओघळलं आणि चेहरा कायमचा बिघडला. इतरांच्या त्वचेखाली गाठी झाल्या, जखमा झाल्या. मेण गेलं, त्याच्या जागी पातळ सिलिकॉन आलं, तेच दुखणं घेऊन. पीएमएमए या प्लास्टिकचे बारीक मणी घातलेलं फिलर तर आजही मिळतं. ते विरघळत नाही. गाठ झाली तर कधीकधी चाकूच लागतो. चेहरा मात्र दर वर्षी थोडा उतरत असतो. पंचेचाळिशीत नेमकी बसलेली भरणी साठीत भलत्याच जागी दिसते.

खरी धास्ती वेगळीच आहे, आणि ती पहिल्या काही मिनिटांची आहे. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर जेल तिथे बुचासारखं बसतं. कातडी पांढरी पडते, मग जाळीदार निळसर होते, कळा येतात. वेळीच उपाय झाला नाही तर ती मरते. नाक आणि दोन भुवयांमधली जागा सर्वांत धोक्याची, कारण तिथल्या वाहिन्या डोळ्याच्या वाहिनीला जोडलेल्या आहेत. दाबाने जेल उलटं ढकललं गेलं की दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा तुटतो. जगभरच्या वैद्यकीय लेखांतून २०१५ आणि २०१९ च्या दोन आढाव्यांनी भरणीनंतर नजर बिघडलेले १४६ रुग्ण गोळा केले. इंजेक्शनं घेणाऱ्यांच्या संख्येपुढे हे फार थोडे. पण गेलेली नजर सहसा परत येत नाही.

हायलुरॉनिक ॲसिडच्या बाजूने माझं मत पडतं ते इथेच. त्यावर उतारा आहे: हायलुरॉनिडेज. डोळ्याच्या ऑपरेशनआधी भुलीच्या इंजेक्शनात मिसळतात तेच हे जुनं औषध. त्वचेत अडकलेलं जेल ते विरघळवतं, आणि वाहिनी बुजली तर पहिल्या काही तासांत मोठा भरवसा त्याचाच. मण्यांवर असा उतारा नाही.

उतारा असला तरी नियमही हवेत. इंग्लंडने ऑक्टोबर २०२१ पासून सौंदर्यासाठी अठरा वर्षांखालील कुणालाही फिलर टोचायला बंदी केली. त्याआधी २०१३ मध्येच सौंदर्योपचारांवरच्या ब्रूस केओघ यांच्या सरकारी अहवालाने खडसावलं होतं की तिथे फिलर घेणाऱ्याला बॉलपेन विकत घेणाऱ्याहून जास्त संरक्षण नाही. आपल्याकडे पार्लरमधल्या ‘मॅडम’ जेव्हा सुई उचलतात, तेव्हा आपण त्यांची पदवी विचारतो का? संकोच वाटतो म्हणे. लग्नाच्या हॉलवाल्याशी तासभर घासाघीस करताना हा संकोच कुठे असतो?

मैत्रिणीला मी सांगितलं ते एवढंच. त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जनकडेच जा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नको, सूज आणि काळेनिळे डाग उतरायला वेळ दे. उताऱ्याचं औषध क्लिनिकच्या फ्रिजमध्ये आत्ता आहे का, हे टेबलावर आडवं होण्याआधी विचार, आणि उत्तर गुळमुळीत आलं तर उठून ये. काम झालं की सिरिंजच्या खोक्यातलं स्टिकर मागून घे. त्यावर फिलरचं नाव आणि लॉट नंबर असतो. ते घरच्या फाइलीत लाव; पाच वर्षांनी गाल सुजला तर डॉक्टर पहिल्यांदा तेच मागतील.