४० सेकंदांची खलनायिका

एखाद्या बाईला वाईट ठरवायला आपल्याला किती वेळ लागतो, याचं माप मला सापडलंय. ४० सेकंद. थट्टा करत नाही, हिशेब देते.

मागच्या वर्षी लेकीकडे इंग्लंडला गेले होते. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला श्रावण, दुपारभर पावसाची पिरपिर. लेक म्हणाली, "आई, तुला एक गंमत दाखवते. यावरून इथे दंगल झाली होती." आणि तिने 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या कार्यक्रमाचा २०१४ सालचा एक जुना भाग लावला. बागेत एक मोठा पांढरा तंबू, त्यात हौशी मंडळी केक-पाव भाजतात, दोन परीक्षक चाखतात आणि दर आठवड्याला एकाला घरी पाठवतात. मेरी बेरी ही ७९ वर्षांची परीक्षक बाई मला फार आवडली. जोडीला पॉल हॉलिवुड. खरंच आडनाव आहे ते. (अंड्याशिवाय त्यांचं पान हलत नाही, हे खरं. मी नुसती बघत होते. आमच्या सासूबाई असत्या तर त्यांनी तेवढंही बघू दिलं नसतं.)

तर तो भाग गोड पदार्थांचा होता. शेवटचं काम 'बेक्ड अलास्का'. खाली केक, वर आइस्क्रीम, त्यावर अंड्याचा पांढरा भाग आणि साखर फेटून केलेल्या फेसाचं जाड पांघरूण, आणि हे सगळं भट्टीत! फेसातल्या हवेमुळे आच आत पोचत नाही, वरचं तांबूस होतं आणि आतलं आइस्क्रीम जसंच्या तसं राहतं. राहायला हवं, असं म्हणू. कारण त्या दिवशी नेमकं ऊन पडलं होतं आणि तंबूत सगळ्यांचंच आइस्क्रीम पाझरत होतं.

इअन वॉटर्स नावाचा एक दाढीवाला तरुण होता, शांत स्वभावाचा. त्याने फ्रीझर उघडला तर त्याचं आइस्क्रीम जागेवर नाही. डायना बिअर्ड या ६९ वर्षांच्या बाईंनी ते बाहेर काढून ठेवलेलं. इअनने ते कापायला घेतलं तर सगळा काला. तो चिडला आणि त्याने अख्खा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला. तंबूबाहेर निघून गेला. परत आला तो परीक्षकांसमोर डबाच घेऊन. त्यात चाखण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्याला घरी पाठवलं. झालं एवढंच.

आणि मी काय म्हणाले असेन? "काय बाई तरी ही! पोराचं वाटोळं केलं." तोंडातून निघून गेलं. लेक हसली, म्हणाली, "तूपण?"

कारण २७ ऑगस्ट २०१४ च्या रात्री बीबीसीवर तो भाग लागला तेव्हा निम्मा देश माझ्यासारखंच बोलला होता. फक्त सोफ्यावर बसून मनातल्या मनात नव्हे, लिहून. डायनाने मुद्दाम केलं, हा घातपात आहे, तिलाच हाकला, इअनला परत बोलवा. अमेरिकेतल्या वॉटरगेटच्या धर्तीवर त्याला 'बिनगेट' असं नाव पडलं, बिन म्हणजे तो कचऱ्याचा डबा. प्रसारणावर देखरेख ठेवणाऱ्या ऑफकॉम या संस्थेकडे ८०० हून अधिक तक्रारी गेल्या. आइस्क्रीमवरून! संस्थेने पुढे चौकशी करण्यासारखं काही नाही असं ठरवलं, पण तोवर त्या बाईचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

आता पुढचं ऐका. आइस्क्रीम बाहेर होतं ते सुमारे ४० सेकंद, असं परीक्षक पॉलनेच जाहीर सांगितलं. वर हेही, की इअन गेला तो त्या ४० सेकंदांमुळे नाही, डब्यात टाकण्याच्या स्वतःच्या निर्णयामुळे गेला. बीबीसीनेही तसंच कळवलं. मेरीबाई आणि पॉल म्हणत होते, वितळलेलं का असेना, समोर आणायचं होतंस, आम्ही त्यातलं काही तरी चाखलं असतं. कुल्फी-आइस्क्रीम केलेली कुठलीही बाई सांगेल, नीट गोठलेलं आइस्क्रीम ४० सेकंदांत पाणी होत नाही. होत असेल तर ते आधीच गोठलेलं नव्हतं. मग आपल्याला पडद्यावर तसं का दिसलं? कारण काढलं, ठेवलं, वितळलं, चिडला हे एकापुढे एक जोडून दाखवलं. मधला वेळ कापला. आपल्याला तसं दाखवल्याबद्दल डायनाने पुढे नाराजी बोलून दाखवली, आणि ती रास्त होती.

कुणी म्हणेल, कापाकापी कार्यक्रमवाल्यांनी केली, प्रेक्षकांना का बोल लावता? मी लावणार. कात्री त्यांची होती, पण त्यांनी जोडलं ते आपल्या डोक्यात आधीच शिवून तयार होतं. स्वयंपाकघर, एक वयस्क बाई, एक भोळा तरुण, आणि बिघडलेला पदार्थ. दोषी कोण, हे सांगायला आपल्याला पुरावा लागतच नाही. सासूने मुद्दाम मीठ जास्त टाकलं, जावेने मुद्दाम गॅस मोठा केला, अशा मालिका बघत आपली अर्धी हयात गेली. तिथल्या बायकांनी त्या मालिका पाहिलेल्या नाहीत, तरी त्यांना तीच गोष्ट दिसली. याचंच मला जास्त वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट मला त्याहून झोंबते. इअनच्या रागाबद्दल कुणालाही काही वाटलं नाही. अन्न उचलून कचऱ्यात फेकलं, आणि लोक म्हणाले, बिचारा, किती मन लावून करत होता! त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, याच कार्यक्रमात रुबी टँडो नावाची २१ वर्षांची विद्यार्थिनी होती, अंतिम फेरीपर्यंत पोचलेली. पदार्थ मनासारखा झाला नाही की तिचे डोळे भरून यायचे. तिला लोकांनी काय काय म्हटलं! रडकी, नाटकी, परीक्षकाला भुलवणारी. शेवटी पोरीने वर्तमानपत्रात लेख लिहून उत्तर दिलं. म्हणजे मुलीने रडत रडत पदार्थ मांडला तर ते नाटक, आणि पुरुषाने न मांडता फेकला तर तो मानी. मैत्रिणींनो, हा हिशेब तुमच्या ओळखीचा नाही का? भाजी खारट झाली म्हणून ताट सरकवून उठणारा पुरुष 'तापट पण मनाचा चांगला' असतो. तशी उठलेली बाई कोणत्या घरात चांगल्या मनाची ठरली?

त्याच २०१३ च्या स्पर्धेत आणखी एक प्रकार घडला होता. डेबोरा नावाच्या बाईने फ्रीजमधून चुकून हॉवर्ड या स्पर्धकाचं कस्टर्ड घेतलं आणि वापरूनही टाकलं. हॉवर्डने काय केलं? तिचं कस्टर्ड घेतलं, आपला पदार्थ पुरा केला आणि परीक्षकांपुढे ठेवला. त्यांनीही झालेला घोळ लक्षात घेऊन दोघांचं तपासलं. लोक हसले आणि विसरले. हॉवर्डला न्याय मिळाला तो बशीत काही तरी होतं म्हणून.

आपण बायका रोज हॉवर्डच असतो. शिरा गिच्च झाला तर वड्या थापतो, पोळ्या उरल्या तर कुस्करतो, पुरण सैल झालं तर कटात ढकलतो. डबा घेऊन पंगतीपुढे उभं राहायची चैन आपल्याला कधी परवडली?

इअनशी माझं भांडण नाही. माणूस चांगला निघाला. डायनाने मुद्दाम केलं असं मला वाटत नाही, हे त्याने स्वतः सांगितलं. ज्याचं नुकसान झालं त्याचा राग उतरला होता, आणि ज्यांच्या ताटातलं काहीच गेलं नव्हतं त्यांचा चढत होता.

आपल्याकडे पाठशाळेत पोरांना पहिल्या वर्षीच शिकवतात : कृत, कारित, अनुमोदित. आपण केलं, दुसऱ्याकडून करवलं, किंवा केलेल्याला नुसती मान डोलावली, तिन्हींचा बंध लागतो. आपण कापाकापी केली नाही, तक्रार लिहिली नाही, म्हणून मोकळ्या, असं आपलं शास्त्र म्हणत नाही. सोफ्यावर बसून "काय बाई तरी ही" म्हटलं की तिसरा खण भरला. त्या वर्षी २९ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. म्हणजे इंग्लंडात ही धुळवड चालू होती तेव्हा, पंचमीला, आपण बस्तीत दशलक्षणाचा पहिला दिवस, उत्तम क्षमा, साजरा करत होतो. अनेकांतावरच्या प्रवचनाला मान डोलावून बाहेर आल्यावर चपला घालता घालता आपण कुणाच्या सुनेबद्दल काय बोललो, तेही आठवून बघावं. मी आठवलं, फार बरं वाटलं नाही.

आणि डायनाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. पुढच्याच भागात ती दिसली नाही. प्रेक्षकांना वाटलं, बरी घालवली. प्रत्यक्षात ती चक्कर येऊन पडली होती, डोक्याला मार बसला आणि तिची वास घेण्याची शक्ती गेली. कायमची. हा कार्यक्रम आधी चित्रित होतो आणि मग काही आठवड्यांनी-महिन्यांनी दाखवला जातो. म्हणजे ज्या रात्री देश तिला शिव्या घालत होता, त्या रात्री जन्मभर केक भाजणाऱ्या त्या बाईला भट्टीतून येणारा वास कळत नव्हता. स्पर्धा त्या वर्षी नॅन्सी बर्टविसल या ६० वर्षांच्या आजीने जिंकली, तेवढं एक बरं झालं.

लेकीने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "आई, तुझ्या कुल्फीच्या गोष्टीसारखंच झालं की."

माझी कुल्फीची गोष्ट आमच्या भिशीत सगळ्यांना पाठ आहे. १९९६ सालची. नणंदेच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. दूध आटवून, केशर-वेलदोडे घालून मी आदल्या रात्री साचे भरले. आमचा फ्रीज एका दाराचा, वरचा खण एवढासा. सासूबाईंच्या लेखी फ्रीज म्हणजे शिळ्या अन्नाचं कपाट, त्या बर्फाला हात लावायच्या नाहीत. आणि नेमक्या त्याच दिवशी त्यांनी फ्रीझर उघडला, साचे बाहेर काढले आणि ओट्यावर विसरल्या. मी बाजारातून आले तर पाणी पाणी! मी साचे मोरीत ओतले, एकेक करून, त्यांच्या समोर. ही गोष्ट मी पंचवीस-तीस वर्षं सांगितली. सासूबाईंचा आवाज काढून सांगायची, हशा ठरलेला. त्या जाऊन नऊ वर्षं झाली, तरी सांगायची.

गोष्टीत मी एक तुकडा कधीच ठेवला नाही. फ्रीझर उघडला तो बर्फासाठी. बर्फाचा ट्रे साच्यांच्या खाली चिकटून बसला होता. आमचा तीन वर्षांचा मुलगा पायरीवरून पडला होता, ओठ फुटून रक्त येत होतं. त्याच्या ओठाला बर्फ धरून त्या तासभर त्याला कडेवर घेऊन फिरत होत्या. मी बाजारात होते.

लेकीला हे तिच्या वडिलांकडून कळलं होतं. मला ती काही बोलली नाही, नुसती कुल्फी म्हणाली.

परत आल्यावरच्या पहिल्या भिशीला कुणी तरी म्हणालंच, "ती कुल्फीची सांगा की, या नव्या आल्यात त्यांना." मी सांगितली. ओठासकट सांगितली. कुणी हसलं नाही. जरा वेळाने त्या नव्या बाई म्हणाल्या, "मग पाव्हण्यांना काय दिलंत?"

म्हटलं, "मी कसली देतेय, मी खोलीत जाऊन रडत बसले होते. आईंनी शेवयांची खीर केली. पोर कडेवरच होतं."