तुमचा देव कोण?

जिंतूरला शाळेत जाणारी आमची नात परवा घरी आली ती तोंड पाडूनच. मैत्रिणीने विचारले होते, "तुमचा देव कोण?" हिला उत्तर देता आले नाही. आजी म्हणाली, "आपल्यात देव नसतो, बाई." पोरीचे समाधान झाले नाही. खरे सांगायचे तर माझेही नाही.

बंधू-भगिनींनो, देव आहे का, असला तर तो काय करतो, याच्या पद्धतशीर विचाराला ईश्वरशास्त्र म्हणतात. इंग्रजीत थिऑलॉजी. मूळ ग्रीक 'थिऑस' म्हणजे देव. हे शास्त्र भटा-पाद्र्यांचे, आपल्याला काय त्याचे, असे कुणी म्हणेल. पण बाबासाहेबांनी ते सोडले नव्हते. त्यांच्या हयातीत न छापलेले 'फिलॉसॉफी ऑफ हिंदुइझम' हे लिखाण महाराष्ट्र शासनाने १९८७ साली तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. त्याच्या सुरुवातीलाच या शास्त्राच्या शाखा आल्या आहेत.

देवांच्या कथा-कहाण्या ही पौराणिक शाखा. राज्याचे सणवार, उपास आणि त्यांचे विधी ही नागरी शाखा. आपल्या आयाबायांचा पैसा आणि पोट जाळले ते याच शाखेने! देवाने स्वतः प्रकट होऊन सांगितले असे मानणारी ती साक्षात्कारी. आणि सृष्टीकडे पाहून बुद्धीने ईश्वर मांडणारी ती नैसर्गिक. तिचे म्हणणे तीन: ईश्वराने जग केले, तोच ते चालवतो, आणि माणसांवर त्याचे नीतीचे राज्य आहे.

बाबासाहेबांनी बोट ठेवले ते या शेवटच्या गोष्टीवर. राज्य म्हटले की कायदा आला. मग तो कायदा न्यायाचा आहे का, माणसाच्या उपयोगाचा आहे का, या दोन कसोट्या त्यांनी लावल्या. मनुस्मृती त्यांवर उतरली नाही. देवाच्या नावाने चालणाऱ्या कायद्याचा असा हिशेब मागणारा माणूस पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात, जगाचा कर्ता ईश्वर न मानणाऱ्या बुद्धाला शरण गेला.

हे सारे नातीला कसे सांगावे? रविवारी तिला जवळच्या नेमगिरीची जैन लेणी दाखवायला नेले. तीर्थंकरांच्या मूर्ती पाहून तिने विचारले, "जग यांनी केलं का?" म्हटले, "नाही. जग कुणी निर्माण केलं असं जैनही मानत नाहीत."

पोरगी थबकली. म्हणाली, "म्हणजे आपलं एकट्याचंच घर तसं नाही तर!"