नकाराचा खर्च

मध्यंतरी भाचीकडे गेलो असता अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या फॉरेस्ट पार्कमध्ये हिंडण्याचा योग आला. सुमारे ५,२०० एकरांचे हे वन शहरालगतच आहे आणि त्यातून जाणारी वाइल्डवुड नावाची पायवाट सुमारे ३० मैलांची आहे. उंच डग्लस फर वृक्षांखालून चालताना भाचीच्या मुलीने हातातील कागदावरचे कोडे पुन्हा वाचले, वाटेकडेच्या ओंडक्यामागे हात घातला आणि एक लहानसा डबा बाहेर काढला. आत एक वही व हाताने कोरलेला रबरी शिक्का होता. तो शिक्का तिने आपल्या वहीत उमटवला, स्वतःचा शिक्का डब्यातील वहीत उमटवला आणि डबा परत ठेवला. “नीट झाकायचा हं मामाआजोबा, नाहीतर पुढच्याला भिजलेला मिळेल,” तिने मला बजावले.

या छंदाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. त्याचे मूळ इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानात आहे. १८५४ साली जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणारे तीत आपले कार्ड टाकीत. पुढे लोक पत्रे ठेवू लागले आणि मागाहून येणारा अनोळखी वाटसरू ती टपालात टाकू लागला. अमेरिकेत या छंदाचा प्रसार झाला तो प्रामुख्याने १९९८ साली ‘स्मिथसोनियन’ मासिकात आलेल्या लेखानंतर.

मला मात्र त्या वाटेवर एक जुनी फाईल आठवली. काही वर्षांपूर्वी दिल्लीतील एका शाळेने शहरी वनात अशाच धर्तीचे कोड्यांचे डबे ठेवण्याची परवानगी मागितली होती. मी टिपणीत तीन कारणे नोंदवली: सुरक्षितता, उत्तरदायित्व आणि चुकीचा पायंडा. प्रस्ताव अमान्य झाला. फाईल दोन दिवसांत निकाली निघाली म्हणून वरिष्ठांनी समाधानही व्यक्त केले.

सुरक्षिततेचे कारण खोटे नव्हते. २९ ऑक्टोबर २००५ रोजी, दिवाळीच्या तोंडावर, दिल्लीच्या गजबजलेल्या बाजारांत स्फोट झाले होते. बेवारस वस्तूला हात लावू नये, हे येथील मुलांना पाठ असते आणि ते असायलाच हवे. पण आक्षेप खरा असणे आणि तो निरुत्तर करणारा असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. डार्टमूरमध्येही पुरातन दगडी अवशेषांत डबा ठेवू नये, सिमेंटने पक्का करू नये, असे संकेत आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांत परवानगीवाचून वस्तू ठेवून जाता येत नाही. आपल्याकडेही पारदर्शक डबा, त्यावर शाळेचे नाव व नोंदणी क्रमांक, पहारेकऱ्याला ठाऊक असलेली जागा आणि वर्षाची मुदत, एवढ्या अटी घालता आल्या असत्या. अर्ध्या पानाचे काम होते.

ते मी का केले नाही? परवानगी दिल्यावर काही विपरीत घडले, तर टिपणीखालची सही शोधली जाते. नकारामुळे चाळीस मुले वनात गेली नाहीत, याची नोंद कोणत्याही लेखापरीक्षणात होत नाही. हातचा गेलेला लाभ हाही खर्चच, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी शिकवतात. ते मी शिकलो होतो आणि परीक्षेत उत्तम लिहिलेही होते. शिवाय हा खर्च मुलांपाशीच थांबत नाही. ज्या वनाशी नागरिकांची ओळख नाही, त्याच्यावर उद्या रस्ता आखला गेला तर हरकत घ्यायला कोण येणार?

म्हणून माझी सूचना साधी आहे. अमान्यतेच्या प्रत्येक टिपणीत दोन वाक्ये सक्तीची असावीत: कोणत्या अटींवर होकार देता आला असता, आणि नकारामुळे कोणाचे काय बुडते. ही वाक्ये लिहूनही नकार कायम ठेवावासा वाटला, तर खुशाल ठेवावा.

त्या शाळेतील तो वर्ग एव्हाना महाविद्यालयात गेला असेल. ती फाईल पुन्हा उघडली, तरी त्यांच्या कामी येणार नाही.