खुणा जुळल्या म्हणून काय झाले?

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमियर पद्मिनीने मुंबईच्या टॅक्सीतळांचा निरोप २०२३ साली घेतला. तथापि ज्या हौशी गृहस्थांनी घरची पद्मिनी निष्ठेने जपली आहे, त्यांच्या आग्रहाखातर तिचे १०८९ सीसीचे इंजिन आजही खोलले जाते, त्याचे बोअरिंग होते, नव्या रिंगा पडतात, आणि अखेरीस टायमिंग चेन चढवताना दोन्ही चक्रांवरील खुणा जुळल्या की मिस्त्री समाधानाने पुढचे झाकण लावून टाकतो. या शिरस्त्यावर माझा आक्षेप आहे.

क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, आणि कोणता व्हॉल्व्ह केव्हा उघडावा व केव्हा मिटावा याचा हुकूम त्या एका फेऱ्यात सुटतो. कारखान्यातून कोऱ्या आलेल्या इंजिनात खुणांवर विसंबणे अवाजवी नाही. परंतु जेथे चक्र एका दुकानचे, चेन दुसऱ्या दुकानची आणि कॅमशाफ्ट तिसऱ्याच ठिकाणी घासून आणलेला, तेथे खुणांचा दाखला ग्राह्य धरणे म्हणजे पंचांगात मुहूर्त छापला आहे म्हणून घड्याळ पाहावयाचे नाही, अशातला प्रकार होय. लाइन बोअरिंगमुळे क्रँक कॅमकडे किंचित सरकला की चेन सैल पडते आणि कॅम मागे राहतो. मारुती ८०० सारख्या, कॅम हेडमध्ये असलेल्या इंजिनात तर हेडचे फेसिंग केल्यानेही तेच घडते.

कॅमच्या चक्राला ४० दाते असतील, तर एका दात्याची चूक क्रँकच्या १८ अंशांची होते, आणि ती बहुधा लपत नाही. घात करते ती चारपाच अंशांची. इंजिन सुरू होते, संथपणे चालतेही, पण इनलेट व्हॉल्व्ह उशिरा मिटल्यामुळे कमी वेगात आत घेतलेले मिश्रण काही अंशी परत ढकलले जाते, कसारा घाटात पिकअप मिळेनासा होतो, आणि सगळा दोष बिचाऱ्या कार्बुरेटरच्या माथी येतो.

खातरजमेसाठी लागते ती अंशांची तबकडी आणि डायल गेज. शिखराशी पिस्टन काही अंशांपर्यंत जवळजवळ निश्चल भासतो, सबब केवळ नजरेने शिखरबिंदू ठरवू नये. आडकाठी लावून क्रँक दोन्ही दिशांनी तिच्यापर्यंत फिरवावा आणि दोन्ही वाचनांचा मध्य घ्यावा. कॅमच्या सर्वाधिक उचलीचा अंशही तसाच, शिखराच्या दोन्ही अंगांस समान उचल मोजून, काढावा. फरक निघालाच तर किंचित सरकत्या घडणीच्या कीने तो दुरुस्त होतो, मात्र त्यानंतर व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांच्यातील अंतर पुन्हा पाहण्यात हयगय नसावी.

यात कामाचे काही तास जातात हे खरे, पण बांधलेले इंजिन पुन्हा उघडण्याचा खर्च कोणी हिशेबात धरत नाही. म्हणून गाडीच्या मालकाने झाकण लागण्यापूर्वीच, कारखान्याने दिलेले अंश आणि प्रत्यक्ष मोजलेले अंश बिलावर शेजारीशेजारी लिहून मागावेत. मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडेल, ती पडू द्यावी.