वैभववाडीतले धंदे मोजा

जानेवारी २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरण आणि काँक्रिटीकरणासाठी बंद झाला. सिंधुदुर्गातल्या वैभववाडी तालुक्याचा गगनबावड्याकडे, पुढे कोल्हापूरला जाणारा नेहमीचा रस्ता वर्षभर तुटला आणि वाहतूक भुईबावडा व फोंडा घाटाकडे वळली. या रस्त्यावर हॉटेले आहेत, गॅरेज आहेत, चहाच्या टपऱ्या आणि किराणा दुकाने आहेत. त्यांतली किती अडचणीत आली, त्यांत किती माणसे कामाला होती, उलाढाल कितीने बसली? असा हिशेब मांडायला घाट बंद होण्याआधीचा ताजा आकडा लागतो. तालुक्यातल्या सगळ्या धंद्यांची घरोघर जाऊन केलेली आणि निकाल जाहीर झालेली शेवटची मोजणी २०१३-१४ मधली, म्हणजे सहाव्या आर्थिक गणनेची आहे.

आर्थिक गणना १९७७ मध्ये सुरू झाली. सहाव्या गणनेत देशात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना आणि त्यांत १३ कोटींवर माणसे नोंदली गेली. आस्थापनांच्या संख्येत उत्तर प्रदेशाच्या खालोखाल महाराष्ट्र होता. त्याहून बोलका आकडा वेगळाच आहे. देशातल्या ९५ टक्क्यांहून अधिक आस्थापनांत एक ते पाचच माणसे काम करत होती आणि दहा किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या आस्थापना दीड टक्काही नव्हत्या. सातवी गणना २०१९ मध्ये मोबाइल अ‍ॅपवर सुरू झाली, मध्येच कोरोना आला, आणि तिचे अंतिम निकाल जाहीर झालेच नाहीत.

मग उरते ते उद्योगांच्या नोंदणीचे ‘उद्यम’ पोर्टल. तिथली वर्गवारी यंत्रसामग्रीतली गुंतवणूक आणि वार्षिक उलाढाल यांवर होते. एप्रिल २०२५ पासून अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो. म्हणजे पडवीत कटर मांडून हंगामापुरते काजूगर काढणारे कुटुंब आणि बॉयलर लावून वर्षाला नऊ कोटींचा माल पाठवणारा काजू कारखाना एकाच खान्यात. अर्जात कामगारांची संख्या विचारतात, पण वर्ग ठरवताना ती धरत नाहीत. सिंधुदुर्गात काजू सोलायला प्रामुख्याने बायका बसतात. ‘सूक्ष्म’ या एका शब्दावरून त्यांची संख्या कळणार तरी कशी?

बाकीच्या नोंदींची चाळण इतकी मोठ्या भोकांची आहे की लहान धंदा तिच्यातून गळतोच. माल विकणाऱ्याला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. उद्योगांची वार्षिक पाहणी वीज वापरणाऱ्या कारखान्याला दहा कामगारांपासून धरते. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची जुनी गुमास्ता नोंदणीच काढली आणि नुसती सूचना देणे पुरेसे ठरवले. दुकानदाराचा त्रास वाचला हे चांगलेच झाले. पण त्या सूचनांचे तालुकावार तक्ते करून छापायला कोणाची आडकाठी आहे?

केंद्राची असंघटित उद्योगांची पाहणी आता दरवर्षी होते. २०२३-२४ मध्ये तिने देशात ७ कोटी ३४ लाख आस्थापना आणि १२ कोटींवर कामगारांचा अंदाज दिला. जानेवारी २०२५ पासून तिच्या नमुन्यात जिल्हा हा मूळ घटक धरला जातो. हा बदल स्वागतार्ह आहे, मात्र नमुना पाहणीतून वैभववाडी आणि मालवण वेगळे दिसणार नाहीत. एकीकडे घाटाखालचा ऊस आणि काजू, दुसरीकडे मासळी आणि पर्यटन. दोन्हींची सरासरी काढून कोणाचेच भले होत नाही. अमेरिकेत प्रत्येक काउंटीत किती कामगारांच्या किती आस्थापना आहेत, याचा तक्ता दरवर्षी निघतो. युरोपीय संघ सूक्ष्म उद्योग ठरवताना आधी माणसे मोजतो, दहापेक्षा कमी, आणि मग उलाढाल किंवा ताळेबंद पाहतो.

सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार होती, २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजारांवर आली. मुंबई-गोव्याची वाट धरणाऱ्या तरुणांना गावात काम द्यायचे, तर सहा ते नऊ माणसांचे धंदे कोणते आणि कुठे आहेत हे आधी कळले पाहिजे. थोड्या भांडवलाने चार नवी माणसे तेच घेऊ शकतात. ही यादी नसेल, तर जिल्हा नियोजन समितीचा पैसा आणि मुद्रा कर्ज अंदाजानेच वाटले जाणार.

खरी उलाढाल सांगितली तर कर मागे लागेल, ही व्यापाऱ्यांची धास्ती खोटी नाही. २००८ च्या सांख्यिकी संकलन कायद्याने एकेका धंद्याची माहिती उघड करायला मनाई केली आहे. गणना करणाऱ्याने दारात उभे राहून पहिल्यांदा हेच सांगायला हवे.

जनगणनेपाठोपाठ आठवी आर्थिक गणना अपेक्षित आहे. तिची वाट पाहत बसायचे कारण नाही. वाभवे-वैभववाडी नगरपंचायत आणि तालुक्यातल्या ग्रामपंचायती घरपट्टीसाठी दुकानगाळ्यांची नोंद ठेवतातच. जिल्हा सांख्यिकी कार्यालयाने ती हाती घेऊन एकटा मालक, दोन ते पाच, सहा ते नऊ, दहा आणि पुढे असे चार रकाने करावेत, प्रत्येकापुढे उलाढालीचा ढोबळ टप्पा आणि हंगामी माणसांची संख्या लिहावी, आणि पुढच्या जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचनात आठही तालुक्यांचा तक्ता छापावा.