वनभोजन महाग का व्हावे?

कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली पाने मांडून जेवण्याची रीत महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. तिला आवळीभोजन म्हणतात. पावसाळा सरलेला, पायवाटांवरचा चिखल वाळलेला, ऊन अंगावर घ्यावेसे वाटेल इतके कोवळे, अशा दिवसांत घरातील लहानथोर मंडळींनी गावाबाहेर पडावे, चार घास झाडाखाली खावेत आणि दिवेलागणीच्या आत घरी परतावे, एवढाच त्यामागचा व्यवहार. त्याला ज्यांनी व्रताचे रूप दिले त्यांना माणसाच्या स्वभावाची चांगली पारख असली पाहिजे. करमणुकीसाठी घर सोडण्याची सवड आपल्या आजी-पणजींना कोणी दिली नसती. पुण्यासाठी ती मिळाली. पुढे शाळांनी ही रीत उचलली आणि वनभोजन हा शब्द घरोघरी रुळला. डब्यात पोळी, बटाट्याची सुकी भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. पायांत असतील त्या चपला. खर्च म्हणावा तर एस.टी.च्या भाड्याचा, आणि पुष्कळदा तोही नाही.

आता हिवाळा आला की वेगळ्याच गोष्टी कानांवर येऊ लागतात. जंगलालगतच्या विश्रामधामांच्या जाहिराती झळकतात, त्यांतील एका रात्रीचे भाडे वाचून डोंबिवलीच्या किंवा विरारच्या दोन खोल्यांत राहणारा कारकून मुकाट्याने पान उलटतो. ताडोबासारख्या व्याघ्र प्रकल्पात जीपच्या एका फेरीला काही हजार रुपये मोजावे लागतात. प्रवास आणि मुक्काम निराळाच. या दरांविरुद्ध ओरड करण्याचे मात्र कारण नाही. वाघाच्या घरात किती वाहने सोडावीत याला मर्यादा हवीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटन काही महिने थांबविले होते आणि नियमांची चौकट आखली गेल्यावरच ते पुन्हा सुरू होऊ दिले, हा इतिहास विसरण्याजोगा नाही. तक्रार निराळी आहे. जंगल म्हणजे वाघ, वाघ म्हणजे जीप आणि जीप म्हणजे पैसा, हे समीकरण आपल्या मनांत इतके पक्के बसले आहे की, ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने जंगलाचे नाव काढू नये, असे त्याला स्वतःलाच वाटू लागले आहे. हे नुकसान केवळ त्या कुटुंबाचे नाही. ते जंगलाचेही आहे.

वस्तुस्थिती काय आहे? मुंबईसारख्या महानगराच्या पोटात शंभर चौरस किलोमीटरांहून मोठे अरण्य आहे आणि बोरिवली स्थानकावर उतरून त्याच्या दारापर्यंत पायी जाता येते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे आजचे नाव. आत बिबट्याचा वावर आहे, मुंबईला पाणी देणारे तुळशी आणि विहार हे तलाव आहेत आणि काळ्या कातळात कोरलेली कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंनी पावसाचे पाणी साठविण्यासाठी खोदलेल्या टाक्या तेथे आजही पाहता येतात, आणि पाणीकपातीच्या बातम्या वाचून कंटाळलेल्या नागरिकाला त्या बरेच काही शिकवू शकतात. पनवेलपासून बारा-तेरा किलोमीटरांवर कर्नाळ्याचे पक्षी अभयारण्य आहे. १९६८ पासून त्याला संरक्षण आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग त्याच्यातूनच जातो. पुणेकरांना शेकरूसाठी राखलेले भीमाशंकरचे अरण्य एका दिवसाच्या अंतरावर आहे. नाशिककरांना नांदूरमध्यमेश्वर आहे, कोल्हापूरकरांना दाजीपूर आहे. उजाड माळावर माणसांनी उभे केलेले सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर तर मुलांना मुद्दाम दाखवावे असे आहे. जंगल तोडता येते तसे ते लावताही येते, हा धडा त्याच्याइतका स्पष्ट क्वचित कोठे मिळेल.

हिवाळा हा या साऱ्या ठिकाणी जाण्याचा खरा हंगाम. पावसाळ्यात वाटा निसरड्या आणि जळवांच्या. उन्हाळ्यात जंगल रखरखीत आणि वणव्याच्या भीतीने धास्तावलेले. मार्गशीर्ष-पौषात मात्र सकाळचे धुके विरले की सारे कसे स्वच्छ दिसते. उत्तरेकडून आलेला धोबी पाणवठ्याच्या कडेला शेपूट हलवीत फिरत असतो, थिरथिरा एखाद्या पडक्या भिंतीवर थरथरत बसलेला असतो. ऐनाच्या खोडावरची मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल लहान मुलाच्या हाताला एकदा लागली की तो ते झाड पुन्हा विसरत नाही. सागाच्या पानांची किड्यांनी केलेली जाळी पुस्तकात जपून ठेवावी अशी असते. माघ लागता लागता निष्पर्ण काटेसावर लाल फुलांनी भरते आणि मैना, बुलबुल, खारी यांची तेथे जी झुंबड उडते, तिच्यापुढे वाघ न दिसल्याची रुखरुख राहत नाही. हे पाहण्यासाठी जीप लागत नाही. तास-दोन तास न बोलता चालण्याची तयारी लागते, आणि ती विकत मिळत नाही.

खर्चाचा हिशेब मांडला तर चित्रपटगृहातील चार तिकिटे आणि मध्यंतरातील खाणे यांच्या बिलापेक्षा असा एक दिवस बहुधा स्वस्तच पडतो. एस.टी.ने ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तर वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास दिला आणि मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. आजी, आई आणि मुलगी यांना घेऊन निघालेल्या कुटुंबाला ही सवलत किती मोलाची आहे, हे वेगळे सांगावयास नको. मग अडते कोठे?

अडते ते शेवटच्या दोन-चार मैलांवर. महामार्गापर्यंत गाडी येते. तेथून अभयारण्याच्या दारापर्यंत आणि संध्याकाळी परत कसे जायचे, हे कोणी सांगत नाही. ज्याच्यापाशी स्वतःची मोटार आहे त्याला हा प्रश्न पडत नाही, आणि वेळापत्रके ठरविणाऱ्यांपाशी बहुधा मोटार असते. दुसरी अडचण स्वच्छतागृहांची. पुरुष ती हसण्यावारी नेतात. पण तेवढ्या एका कारणासाठी कित्येक बायका दिवसभर पाणी न पिता फिरतात किंवा घरीच राहणे पसंत करतात. पिण्याचे पाणी नसले की प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेतल्या जातात आणि त्या झाडीत फेकल्या जातात. मग प्लास्टिकबंदीचे फलक कितीही लावले तरी त्यांचा उपयोग काय? तिसरी गोष्ट पैशाची. प्रवेशाचे शुल्क, आतल्या बसचे भाडे, लेण्यांचे तिकीट असे टप्प्याटप्प्याने द्यावे लागणारे पैसे मध्यमवर्गाला जाणवत नसतील. बांधकामावर राबणाऱ्या किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईला ते दिवसाच्या मजुरीएवढे वाटतात. पुरातत्त्व खाते पंधरा वर्षांखालील मुलांना लेण्यांत मोफत सोडते. वनखात्याने याच धर्तीवर एक पाऊल पुढे टाकावे. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात महापालिकेच्या वा जिल्हा परिषदेच्या शाळेचे ओळखपत्र दाखविणाऱ्या मुलाबरोबर त्याच्या आईवडिलांनाही हंगामातून एकदा विनाशुल्क प्रवेश द्यावा. यात तिजोरीचे जे नुकसान होईल ते एखाद्या उद्घाटन समारंभाच्या मांडवाच्या खर्चाहून अधिक नसेल.

यावर वनाधिकारी जो आक्षेप घेतील तो पोकळ नाही. ते म्हणतील, माणसे वाढली की गोंगाट वाढेल, कचरा वाढेल, माकडांपुढे फरसाण टाकले जाईल आणि ज्या शांततेसाठी लोक येतात तीच नाहीशी होईल. सुट्टीच्या दिवशी कोणत्याही धबधब्याखाली जे दृश्य दिसते ते आठवले तर ही भीती अनाठायी म्हणता येणार नाही. अभयारण्यात प्रवेश हा हक्क नसून परवानगी आहे, हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे तत्त्व योग्यच आहे. परंतु या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे. गरीब माणूस घाण करतो आणि पैसेवाला शिस्तीने वागतो, हे ते गृहीत. अनुभव तसा नाही. मोटारीतील ध्वनिक्षेपक जंगलाच्या काठावर सुरू करणारा, विश्रामधामाच्या हिरवळीवर मध्यरात्रीपर्यंत नाचणारा पाहुणा हा बसने आलेला नसतो. शिस्त ही उत्पन्नावर अवलंबून नसते. ती शिकवावी लागते. काही ठिकाणी प्रवेशद्वारावर बाटल्या मोजून अनामत रक्कम घेतात आणि परतताना बाटली दाखविली की ती परत देतात. हा साधा उपाय सर्वत्र लागू करण्यास काय हरकत आहे? गर्दी होईल तेथे रोजची संख्या ठरवून द्यावी. पण ती ठरविताना खिशाची जाडी हा निकष नसावा.

जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळावयास हवीत. चूल पेटविण्याचा मोह टाळावा. फेब्रुवारीपासून तर वाळलेल्या गवतावर पडलेली एक ठिणगी डोंगर जाळू शकते. पोपटी लावायची हौस असेल तर ती रायगडातल्या एखाद्या शेतात, मालकाच्या संमतीने भागवावी. घरून आणलेले घरीच न्यावे, सालीसुद्धा. अंधार पडण्यापूर्वी बाहेर यावे, कारण सायंकाळनंतरचे जंगल बिबट्याचे आहे. आणि वाटेत वारली, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे लागले तर त्यांच्या अंगणात छायाचित्रे काढण्याआधी ते कोणाचे तरी घर आहे, याचे भान ठेवावे. ज्या अरण्यात आपण एक दिवस पाहुणे म्हणून जातो तेथे ही माणसे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या जाणत्याला वाटाड्या म्हणून बरोबर घ्यावे, त्याच्या घरची भाकरी आणि चटणी दाम देऊन खावी. झाडाचे शास्त्रीय नाव त्याला सांगता येणार नाही. त्याचा पाला कोणत्या दुखण्यावर चालतो आणि फळ कोणता पक्षी खातो, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक?

एवढा खटाटोप एका सहलीसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांतील घटनांत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे रातोरात तोडण्यास प्रारंभ झाला, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्यांत शाळा-महाविद्यालयांतील मुले होती. जुलै २०२४ मध्ये ठाणे-बोरिवली जोडबोगद्याची पायाभरणी झाली. तो राष्ट्रीय उद्यानाच्या पोटातूनच जाणार आहे. विकासाच्या अशा योजना यापुढेही येतील. त्यांतील काही आवश्यक असतील, काही नसतील. कोणती कोणत्या वर्गातली, याचा निवाडा करण्यासाठी नुसते तज्ज्ञांचे अहवाल पुरत नाहीत. नागरिकांचे मत लागते. ज्याने ते अरण्य कधी पाहिलेच नाही, त्याचे मत काय असणार? त्याच्या दृष्टीने तो नकाशावरचा एक हिरवा ठिपका. खोडून टाकला तरी त्याचे काही जात नाही.

वनांचे आणि वन्य जीवांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे, असे १९७६ च्या घटनादुरुस्तीने सांगितले. पर्यावरण हा विषय आपल्या शाळांत आता शिकविला जातो आणि मुले त्याच्या प्रकल्पवह्या छापील चित्रे चिकटवून भरतात. चित्र पाहून कर्तव्य उपजत नाही. राज्य सरकारने २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरविला, त्याच्या एका टोकाला मारुती चितमपल्ली यांचा आणि दुसऱ्या टोकाला सालिम अली यांचा जन्मदिन आहे. या दोघांनीही आयुष्य रानात काढले आणि जे पाहिले ते इतरांना दाखविले. त्यांचे स्मरण सभागृहातील भाषणांनी होणार नाही. त्या सप्ताहात प्रत्येक सरकारी शाळेतील एक वर्ग आपल्या पालकांसह जवळच्या वनात नेऊन आणला, तरी त्यांचे काम थोडे पुढे जाईल. एस.टी. शालेय सहलींना सवलतीत गाड्या देतेच. त्यांतल्या काही गाड्या किल्ल्यांच्या आणि करमणूक-उद्यानांच्या वाटेवरून वनांच्या वाटेला वळवाव्यात.

पूर्वजांनी आवळ्याखालच्या जेवणाला पुण्याची जोड दिली ती ते सर्वांच्या आटोक्यात राहावे म्हणून, असे समजण्यास हरकत नाही. त्या झाडाखाली पान मांडताना कोणी भाडे विचारीत नव्हते. आज झाडे सरकारच्या ताब्यात आहेत आणि सरकार लोकांचे आहे. तेव्हा त्या सावलीत वर्षातून एकदा निवांत बसून घरचा डबा खाण्याची सोय गिरणगावातल्या आणि धारावीतल्या मुलालाही असली पाहिजे. ते मूल उद्या मतदार होणार आहे, आणि जंगल राहावे की जावे हे त्यालाही विचारले जाणार आहे.