पावशेर डाळ आणि रमजानची किट

"शहरात सगळं स्वस्त मिळतं, फक्त घेता आलं पाहिजे." बीडमध्ये हे वाक्य मी बहुतेक वेळा अशांच्या तोंडून ऐकलंय, ज्यांची मुलं पुण्यात नोकरीला आहेत. सुटीत मुलाकडे जायचं, डीमार्टमधून पिशव्या भरून आणायच्या आणि इथल्या दुकानदाराला लुटारू म्हणायचं.

मे महिन्यात मी कोंढव्यात धाकट्या बहिणीकडे आठ दिवस होतो. मेहुणे रोजंदारीवर. संध्याकाळी ते आले की भाची खाली दुकानात पळायची. पावशेर तूरडाळ, शंभर ग्रॅम तेल, चहाची पुडी. पावशेर डाळ 45 रुपये, म्हणजे किलोला 180. तशीच डाळ मॉलमध्ये किलोच्या पाकिटात 150ला. मी गणिताचा मास्तर नाही, उर्दू-मराठी शिकवतो, पण एवढा हिशेब येतो. बहिणीला म्हणालो, महिन्याचं एकदम भरत जा. ती म्हणाली, "भाई, त्याला महिन्याचे पैसे एकदम हातात लागतात. यांना रोजचे रोज मिळतात, ते पण काम असलं तर."

मी गप्प बसलो. मार्केट यार्डचा भुसार बाजार तिच्या घरापासून लांब नाही. पण तिथला भाव पोत्याचा, आणि तिच्याकडे पिशवीपुरते पैसे. म्हणजे ज्याची कमाई कमी, त्यालाच किलोमागे 30 रुपये जास्त. याला कोणी लूट म्हणत नाही, कारण दुकानदारही बिचारा उधारी सांभाळतो.

"रेशन आहे की," असं म्हणणाऱ्यांसाठी: शहरात प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 59,000 रुपये. रोज 600 मिळवणारा मिस्त्री शंभर दिवसांत ती ओलांडतो. कार्ड असलंच तर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळतं, आणि बीडचं कार्ड पुण्यातही चालतं, हे आपल्या कित्येकांना माहीत नाही. पण डाळ-तेल विकतच घ्यावं लागतं.

आता आपल्या लोकांविषयी. रमजान आला की आपण किट वाटतो. तेल, बेसन, खजूर, शेवया, आणि वर बॅनरसकट फोटो. घेणाऱ्या बाईची मान खाली. शव्वालपासून तीच बाई पुन्हा पावशेरावर. जकातीचा मसला उलेमांना विचारा, तिथे मी बोलणार नाही. पण किटमध्ये चंद्याचा, इमदादीचा पैसाही असतो. त्यातून एका गल्लीला महिनाभराचं भांडवल देता येत नाही का? मुंबई ग्राहक पंचायत 1975पासून हेच करतेय: शेजारची कुटुंबं मिळून यादी देतात, माल घाऊक येतो, आपापसांत वाटला जातो. त्यात बहुतेक पगारदार घरं आहेत, मान्य. पण आपल्या बायकांना भिशी कोणी शिकवायला लागत नाही. साडी-दागिन्यांची भिशी चालते, डाळीची का नाही चालणार?

परतल्यावर आमच्या गल्लीत अकरा घरांनी सुरू केलंय. रोज 50 रुपये बाजूला, आणि महिनाअखेर दोघांनी मोंढ्यात जायचं. पहिल्या महिन्यात तूरडाळ, साखर, तेलाचे डबे आले. तीन घरांचे पैसे वेळेवर आले नाहीत, त्यांचे आम्ही उधार घातले. मशिदीच्या एका जिम्मेदार साहेबांना मदत मागितली, तर त्यांनी विचारलं, "यात वाटपाचा कार्यक्रम कधी ठेवायचा?"